बंदुकीचा बार आणि आपले कान: प्लग-मफ कसे निवडायचे आणि कोकणातल्या हवेत कसे टिकवायचे

नवीन माणूस शूटिंगला लागला की रायफल कुठली, जॅकेट कुठून शिवायचं, पेलेट कुठले चांगले हे सगळं विचारून विचारून घेतो, आणि कानाचा विषय निघाला की खिशातनं कापसाचा बोळा काढून दाखवतो. एनसीसीच्या फायरिंगला तर अजून कित्येक ठिकाणी पोरं उघड्या कानानेच पॉइंट टू टू रायफल झाडतात, फार तर कापूस. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, आणि आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या हवेत काय वेगळं बघावं लागतं तेही, कारण पाकिटावरच्या सूचना लिहिणाऱ्याने आपला जून महिना पाहिलेला नसतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्यातनंच निघतं. कान वाचतो तो सीलमुळे. कानात घालायचा प्लग असो की कानावर बसणारा मफ, कानाशी हवाबंद बसला तर काम करतो, आणि कुठे बारीकशी जरी फट राहिली की तिथून आवाज आत घुसतो, मग पाकिटावर आवाज अडवण्याचा आकडा ३३ छापलेला असो नाहीतर त्याहून मोठं काही. आणि सील बिघडवणारी मंडळी आपल्याकडे भरपूर, घाम, खारी हवा, खोबरेल तेल, चष्म्याची काडी, अगदी भिकबाळीसुद्धा.

आवाज किती मोठा असतो ते थोडक्यात. पॉइंट टू टू रायफलचा बार साधारण १४० डेसिबलच्या आसपास जातो, पिस्तुलाचा त्याच्याही वर कारण नळी आखूड आणि तोंड आपल्या जवळ, बारा बोअरचा (म्हणजे छर्ऱ्याची बंदूक, शॉटगन) १५० ते १६० च्या घरात. आता १४० आणि १६० मध्ये फरक वीसचाच दिसतो पण डेसिबलचं गणित सरळ नाही, ३ वाढले की ऊर्जा दुप्पट होते आणि १० वाढले की दहापट, म्हणजे या दोघांत शंभरपटीचा फरक आहे. एका झटक्यात येणाऱ्या आवाजासाठी १४० ही मोठ्या माणसाची वरची हद्द धरतात, लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना १२० च सांगते. मोठा आवाज आला की कानाच्या आतला एक बारीक स्नायू आवळतो आणि थोडा बचाव करतो, पण त्याला आवळायला वेळ लागतो आणि बार तोवर होऊन गेलेला असतो. आत नुकसान होतं ते केसांसारख्या बारीक पेशींचं, आणि त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत, कुठल्याही तेलाने नाही आणि कुठल्याही गोळीने नाही.

उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान जास्त मार खातो हेही लक्षात ठेवा, कारण डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. डावखुऱ्यांचं उलटं.

दहा मीटर एअर रायफलचं म्हणाल तर तिचा आवाज बंदुकीच्या मानाने खूपच कमी. पण बंद हॉल, वर पत्रा, शेजारी आठ-दहा लेन, आणि पेलेट मागच्या लोखंडी ट्रॅपवर आपटल्याचा खाड खाड आवाज तीन-तीन तास, तर तिथे साधे फोम प्लग पुरतात आणि घालावेतच. शिवाय लक्ष लागायला मदत होते हा बोनस.

शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक घरात असलेले लोक शूटिंगवाले म्हणून स्वतःला मोजतच नाहीत, पण खरा मोठा बार त्यांच्याच कानाशी होतो. (शिकारीबद्दल मी इथे काही बोलत नाहीये, ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे.) आमच्या वाडीतले एक आप्पा आहेत, माकडं कलमांवर आली की खळ्यातनं हवेत एक बार काढतात, बाजूला नातू उभा, कुत्रा आधीच पडवीत पळालेला. त्यांना म्हटलं आप्पा कानात काहीतरी घाला, तर म्हणाले, "माका काय होवचा नाय रे, चाळीस वर्सां बार काढतंय." हे वाक्य मला दोनदा मोठ्याने विचारल्यावर मिळालं, ते सोडा. मुद्दा असा की आप्पा स्वतःचं काय ते बघतील, पण नातवाचे कान त्याने स्वतः निवडलेले नाहीत. बार काढणाऱ्याच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या कानात काहीतरी हवं, आणि पोरं असतील तर त्यांना आधी घरात पाठवा.

आता काय घ्यायचं.

फोमचे प्लग सगळ्यात स्वस्त, आणि नीट घातले तर सगळ्यात जास्त आवाज अडवणारे. थ्रीएमचे केशरी ११०० नंबरवाले किंवा दोरीवाले १११० बऱ्याच जणांनी पाहिले असतील. आपल्याकडे हे मेडिकलमध्ये शोधत बसू नका, एमआयडीसीजवळची सेफ्टीचा माल ठेवणारी दुकानं गाठा, लोटे परशुराम, रत्नागिरीत मिरजोळे, कुडाळ, जिथे कारखाने आहेत तिथे हेल्मेट आणि गमबूटच्या शेजारी हे टांगलेले असतात. दोरीवाले घेतलेत तर चिखलात पडत नाहीत, हे ओल्या रेंजवर कळतं.

सिलिकॉनचे किंवा रबराचे तीन छत्र्यांचे प्लग धुऊन परत वापरता येतात. घालायला सोपे, फोमइतकं अडवत नाहीत. ज्यांना फोम वळून घालायला जमतच नाही, बोटं जाड किंवा सांधेदुखी, त्यांना हे बरे. साईज मात्र बघून घ्या, लहान मुलांना आणि बऱ्याच बायकांना मोठ्या साईजचे नीट बसत नाहीत, मग ते अर्धेच आत जातात आणि काम शून्य.

कानाचा साचा घेऊन बनवलेले कस्टम प्लग ऑडिओलॉजिस्टकडे मिळतात. महाग आहेत, रोज शूटिंग करणाऱ्याला परवडतात, हौशी माणसाने पहिल्या वर्षी घेऊ नयेत असं माझं मत. वाढत्या वयाच्या पोरांना तर नकोच, कान वाढतो आणि साचा सैल पडतो.

मफ म्हणजे डोक्यावरून पट्टी आणि दोन कप. घालायला चूक होण्याची शक्यता कमी, म्हणून नवख्या माणसाला आणि लहान मुलाला मी मफच देतो. पाकिटावर कमी आकड्याचा पण नीट बसलेला मफ हा भारी आकड्याच्या अर्धवट खुपसलेल्या प्लगपेक्षा केव्हाही चांगला. फक्त एक अडचण, खांद्याला बंदूक लावून गाल दस्त्यावर टेकवला की कपाची खालची कड दस्त्याला लागते आणि कप वर उचलला जातो, नेमकं ट्रिगर दाबायच्या क्षणी. बारा बोअरवाल्यांना तर हे हमखास होतं. म्हणून रायफल-शॉटगनसाठी पातळ, खालून निमुळत्या कपाचा मफ घ्या, आणि घेताना दुकानात जमलं तर छत्रीची दांडी खांद्याला लावून गाल टेकवून बघा, दुकानदार हसेल, हसू दे.

इलेक्ट्रॉनिक मफात बाहेर माइक असतो, बोलणं ऐकू येतं आणि मोठा आवाज आला की आतला स्पीकर तो पुढे पाठवत नाही. लक्षात घ्या, अडवण्याचं काम तिथेही कप आणि गादीच करते, बॅटरी संपली तरी साध्या मफाइतकं संरक्षण राहतं. हॉवर्ड लाईटचा इम्पॅक्ट स्पोर्ट या जातीतला खूप खपणारा मफ आहे आणि त्याचा एनआरआर, म्हणजे पाकिटावरचा आवाज अडवण्याचा आकडा, २२ च आहे, म्हणजे पैसे जास्त दिले की आवाज जास्त अडतो असं काही नाही, पैसे ऐकू येण्याचे असतात. शिकवणाऱ्याला, रेंज सांभाळणाऱ्याला हा फार उपयोगी. पण पोराला स्पर्धेत उतरवायचं असेल तर थांबा, आयएसएसएफच्या (नेमबाजीची जागतिक संघटना) नियमात खेळाडूला आवाज कमी करणारी साधनं चालतात, आवाज घेऊन आत पोचवणारी नाहीत, तेव्हा इलेक्ट्रॉनिक मफ लेनवर चालणार नाही. साधा मफ किंवा प्लग यांचीच सवय लावा.

आणि कॉल-गाणी ऐकायचे इअरबड, नॉइज कॅन्सलिंग हेडफोन हे यातलं काहीच नाही. ते विमानाच्या घरघरीसारख्या सतत चालणाऱ्या आवाजासाठी आहेत, बाराला त्यांचा उपयोग नाही. कापूस, टिश्यू, सिगारेटचं फिल्टर, काडतुसाची रिकामी टोपणं हेही नको, शेवटचं तर आत अडकलं की डॉक्टरच काढतो. गंमत म्हणजे ऐनवेळी काहीच नसेल तर दोन्ही बोटं कानात घट्ट घालणं हे कापसापेक्षा कितीतरी चांगलं, फक्त मग बंदूक दुसऱ्याने धरायला हवी. बघ्यांसाठी तात्पुरतं ठीक.

पाकिटावरच्या आकड्याकडे येऊ. अमेरिकन मालावर एनआरआर असतो, युरोपियन मालावर ईएन ३५२ आणि एसएनआर, भारतीय मानक आयएस ९१६७. एनआरआर आणि एसएनआर एकमेकांशी लावू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे आणि एकाच वस्तूचा एसएनआर सहसा थोडा जास्त निघतो, म्हणून तुलना करायची तर एनआरआरची एनआरआरशीच. दुसरं, हे आकडे प्रयोगशाळेत, शिकवलेल्या माणसाच्या कानात, सतत चालणाऱ्या आवाजावर काढलेले असतात. प्रत्यक्षात किती मिळतं याचा अंदाज बांधताना अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने १९९८ मध्ये फोम प्लगचा आकडा निम्मा धरायला सांगितला होता, मफाचा पाव भाग कापायला आणि बाकीच्या प्लगचा तर सत्तर टक्के. म्हणजे ३२ चा फोम प्लग १६ धरा, २४ चा मफ १८ धरा. आता कळलं ना मफ का देतो ते.

दोन्ही एकदम घातले, आत प्लग वर मफ, तर आकड्यांची बेरीज होत नाही. जो मोठा आकडा असेल त्यात ५ मिळवायचे, एवढंच. कारण एका मर्यादेनंतर आवाज कानातून न येता कवटीच्या हाडातून आत जातो, त्याला बूच लावता येत नाही. तरी ते ५ सुद्धा सोडू नका. पिस्तूल, बारा बोअर, किंवा पत्र्याखालची बंद रेंज असेल तर दोन्ही घालायचेच. चिऱ्याच्या भिंती आणि वर पत्रा अशा शेडमध्ये बार परत परत फिरून येतो, उघड्या माळावरचा तोच बार आणि शेडमधला बार यात कानाला जमीन-अस्मानाचा फरक.

फोम प्लग घालायची रीत, इथे घाई करू नका, कारण दहातले बरेच जण इथेच चुकतात. हात धुऊन कोरडे करा, मातीचे किंवा तेलाचे हात नकोत. प्लग बोटांमध्ये धरून सावकाश वळत न्या, समईच्या वातीसारखा बारीक आणि सरळ, घडी किंवा सुरकुती पडता कामा नये, कारण सुरकुती म्हणजे आत जाणारी नळीच. उजव्या कानात घालायचा तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची वरची कड धरा आणि वर-मागे ओढा, त्याने आतला वाकडा रस्ता सरळ होतो. मग वळलेला प्लग पटकन आत सरकवा आणि बोटाचं टोक त्यावर वीस-तीस सेकंद धरून ठेवा, फोम आत फुगेपर्यंत. लगेच बोट काढलं की तो फुगता फुगता बाहेर सरकतो. दुसऱ्या कानाला तसंच, हात बदलून. लहान मुलांचा कान खाली-मागे ओढतात असं ऐकलं असेल, ते अगदी तान्ह्यांचं, शाळेच्या पोरांना वर-मागेच.

बसला की नाही कसं बघायचं? आरशात समोरून बघा, प्लगचं टोक कानाबाहेर डोकावताना दिसलं तर तो आत गेलेला नाही. स्वतः बोलून बघा, आवाज घुमल्यासारखा, हंड्यात बोलल्यागत येतो. आणि सगळ्यात चांगली टेस्ट, पंखा किंवा मिक्सर चालू असताना, नाहीतर सरळ किनाऱ्यावर लाटांसमोर उभं राहून, दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. दाबल्यावर आणि सोडल्यावर फारसा फरक जाणवला नाही तर प्लग बसलाय. दाबल्यावर गाज एकदम कमी झाली तर याचा अर्थ प्लग गळतोय, काढा आणि परत घाला. काढताना हळू पिळत काढायचा, झटकन ओढला की पडद्याला त्रास.

मफाचं सोपं, पण केस, टोपी, रुमाल गादीखाली नको, वेणी किंवा अंबाडा मागे राहिला पाहिजे, झुमके आणि भिकबाळी काढून ठेवायची. चष्म्याची जाड काडी गादीखाली फट पाडते, रेंजचा चष्मा शक्यतो पातळ काडीचा घ्या, आणि जाड काडीशिवाय इलाज नसेल तर आत प्लग घाला. दाढीवाल्यांनी कप नीट दाबून बघा.

क्रमही ठरवून टाका. कान आधी, बंदूक नंतर. आणि काढायचे ते सगळ्यांच्या बंदुका रिकाम्या होऊन लाईन मोकळी झाल्यावरच, आपला डाव संपला म्हणून नाही. "स्टॉप" आणि "अनलोड" ऐकू आलं नाही तर काय अशी भीती काहींना वाटते, तर त्यासाठी रेंजवाल्याने हात वर करायची किंवा झेंड्याची खूण आधीच ठरवावी, त्यासाठी कान उघडा ठेवू नये.

आता सांभाळायचं.

फोम प्लग धुवायचा नसतो. पाण्याने त्याची फुगायची ताकद जाते. चुरगळून सोडल्यावर सावकाश मूळ आकारात येत नसेल, कडक लागत असेल, पिवळट मळ दिसत असेल तर फेकून द्या, चहाच्या किमतीत नवी जोडी येते. आपल्या घामात एका दिवसाच्या वर एक जोडी चालवू नका. सिलिकॉनचे कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, छत्र्यांच्या आतल्या खाचा बोटाने साफ करा, पूर्ण वाळल्याशिवाय डबीत बंद करू नका. ओला प्लग बंद डबीत दोन दिवस राहिला की कुबट वास येतो, आणि तोच कानात घातला की कानात बुरशी. हा आपल्या किनाऱ्यावर तसाही कॉमन आजार आहे, पावसाळ्यात कान-नाक-घसावाल्यांकडे रांग लागते ती काही उगाच नाही. कान खाजत असेल, ओला असेल, दुखत असेल तर प्लग बंद, बरा होईपर्यंत मफ.

मफाच्या गाद्या आधी मरतात, कप वर्षानुवर्षं टिकतो. प्रत्येक वेळी घरी आलात की गोड्या पाण्यात फडकं भिजवून घट्ट पिळा आणि गाद्या पुसा, घामाचं आणि समुद्राकडच्या हवेचं मीठ निघून जाऊ दे, मग सावलीत वारा लागेल असं ठेवा. स्पिरिट, सॅनिटायझर लावू नका, गादीचं कातडं कडक होऊन तडकतं. तेल चोपडून आलेल्या केसांनी मफ घालू नका, खोबरेलाने गादी आधी चिकट होते आणि मग कडक. महिन्यातनं एकदा उजेडाकडे धरून गादीची आतली कड अंगठ्याने दाबत गोल फिरवा. जिथे ती परत वर येत नाही, जिथे बारीक केसाएवढी चीर दिसते, तिथून आवाज आत जातो. ती चीर बहुतेक वेळा चष्म्याची काडी बसते नेमकी तिथेच असते. कंपन्या गाद्या आणि आतला स्पंज वर्षातून दोनदा बदलायला सांगतात आणि आपल्या हवेला ते जास्त नाही. म्हणून मफ घेतानाच विचारा, याच्या गाद्या सुट्या मिळतात का? मिळत नसतील तर तो मफ घेऊ नका.

आतला स्पंज काढून वाळवता येतो, पण परत आत घालायचा विसरू नका. काही जण गरम होतं म्हणून काढून टाकतात, मग नुसता रिकामा कप उरतो आणि तो डब्यासारखा घुमतो. डोक्यावरची पट्टी फाकवून गाडीच्या सीटला अडकवून ठेवू नका, सैल पडली की दाब गेला. आणि मे महिन्यात डॅशबोर्डवर तर नाहीच.

पावसाळ्यात रेंज बंद असते तेव्हाच जास्त वाट लागते. इलेक्ट्रॉनिक मफातले सेल जून लागायच्या आत काढून ठेवा, नाहीतर गणपतीत उघडून बघाल तर स्प्रिंगवर हिरवं-पांढरं धरलेलं असेल. मफ कोरडा करून झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या चार पुड्या घालून ठेवा, पुड्या अधूनमधून बदला. कपाटात डांबरगोळ्यांशेजारी नको, तो वास गादीतून सुटत नाही. आणि कप एकमेकांवर दाबून, वर जड काही ठेवून असं नको, गादी चपटी होऊन बसते.

कानाचं स्वतःचं पण थोडं. शूटिंगच्या आधी कानात तेल सोडायची, लसणीचं तेल टाकायची आजीची पद्धत इथे चालत नाही, प्लग सरकतो. काडी, हेअरपिन, कापूस लावलेली कांडी आत घालून मळ काढू नका, तो आणखी आत ढकलला जातो आणि वर प्लग त्याला ठासतो. मळ खूप असेल तर डॉक्टरकडून काढून घ्या.

रेंजवरून आल्यावर कानात रातकिडा वाजतोय, किंवा समोरचा बोलतो ते कापसातून आल्यासारखं वाटतंय, तर त्या दिवशी संरक्षण कमी पडलं एवढं नक्की. झोपून उठल्यावर गेलं तरी "गेलं ना" म्हणून सोडू नका, प्लग कसा बसला होता, गादी कुठे तडकलीय ते शोधा. आणि एका कानाने एकदम कमी ऐकू यायला लागलं, चक्कर आली, कानातून पाणी-रक्त आलं, तर वाट बघत बसायचं नाही, लगेच, एक-दोन दिवसांत कान-नाक-घसावाल्याला दाखवा, अशा वेळी उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोग होण्याची शक्यता जास्त.

नियमित शूटिंग करत असाल तर वर्षातून एकदा ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी, करून घ्या. बाराने गेलेला कान ३००० ते ६००० हर्ट्झमध्ये, बहुतेक ४००० च्या आसपास, आलेखात खाच दाखवतो, आणि ती खाच आपल्याला जाणवायच्या कितीतरी आधी कागदावर दिसते. पहिला रिपोर्ट जपून ठेवा, पुढचे त्याच्याशीच लावून बघायचे असतात. टेस्टच्या आधी निदान चौदा-सोळा तास बार, डीजे, ढोल काही नको, नाहीतर तात्पुरता बधिरपणाच रिपोर्टात उतरतो, तेव्हा शिमग्यात अपॉइंटमेंट घेऊ नका.